डाव्या हाताला बसलेली बायको

"अक्का, आज भाकरी अर्धीच वाढलीस का गं?"

रवी खैरनारनं हे विचारलं तेव्हा त्याची बायको ज्योत्स्ना त्याच्या डाव्या हाताला, कोपराला कोपर लागेल इतकी जवळ बसलेली होती. भाकरी तिनं थापली होती, तिनं भाजली होती आणि तिनंच वाढली होती. तीही अर्धी नाही, चांगली अख्खी. उजवा अर्धा भाग रवीनं खाऊन संपवला होता आणि डावा अर्धा ताटात जसाच्या तसा पडून होता, कुणी बोटही लावलेलं नव्हतं. ज्योत्स्नानं ताट धरलं आणि अर्धं फिरवलं. डावीकडचं उजवीकडे आलं.

"हां, आता कसं!" रवी उजवीकडे बसलेल्या थोरल्या बहिणीला म्हणाला. "तू आहेस म्हणून दोन घास पोटभर मिळतात बघ."

आणि चतुराबाई, म्हणजे अक्का, काय म्हणाली? काही नाही. "खा रे माझ्या राजा," म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ज्योत्स्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निदान एवढं तरी म्हणावं माणसानं, की बाबा रे, मी नाही वाढलं, तुझ्या बायकोनं वाढलं! पण नाही.

आता हे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल रवी बदमाश आहे. बदमाश नव्हता तो. देवळाली कॅम्पात जवानांच्या वर्द्या शिवणारा, हाताचा सरळ आणि तोंडाचा थोडा फटकळ शिंपी होता. दिवाळी उरकली आणि एका सकाळी कात्री हातात असतानाच तो खाली कोसळला. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, काठी टेकत चालायलाही लागला. डावा हात तेवढा लुळा पडला. आणि सोबत ही एक चमत्कारिक भानगड उभी राहिली. रवीच्या जगातून डावी बाजू गेली.

डॉक्टरनं समजावून सांगितलं होतं. "डोळे एकदम ठीक आहेत, वहिनी. डावीकडचं डोळ्यांत शिरतं, मेंदूपर्यंत पोचतंही, पण मेंदू त्याची दखल घेत नाही. त्यांच्या दृष्टीनं डावीकडे काही नाहीच. काही राहून गेलंय हेही त्यांना कळत नाही." ज्योत्स्नानं तेव्हा मान डोलावली होती. मान डोलावणं सोपं असतं. रोज सकाळी नवऱ्यानं अर्धीच दाढी करून आरशात समाधानानं बघावं, हे डॉक्टरच्या घरी थोडंच होत होतं!

आणि विचारलं तर कारण तयार. अर्धीच दाढी का? "ब्लेड बोथट आणलंय तुम्ही." सदऱ्याची डावी बाही मोकळी लोंबतेय, हात का नाही घातला? "उकडतंय." डावा खांदा चौकटीवर आपटला, तर "हे दार कुणी सरकवलं?" एकदा तर स्वतःचाच डावा हात बघून म्हणाला, "हा कुणाचा हात इथं ठेवलाय?" तो कधी म्हणून अडखळला नाही. मला माहीत नाही, मला कळत नाही, असं चुकूनसुद्धा म्हणाला नाही. ज्योत्स्नाला राग यायचा तो याचा. आजारपण एक वेळ सोसवतं, पण आजारी माणसानं वर आपल्यालाच खुळ्यात काढावं म्हणजे काय!

त्यात व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईनं तिला बजावलं होतं, "तुम्ही कायम त्यांच्या डाव्या हाताला बसा. जेवण तिकडून, औषध तिकडून, बोलणं तिकडून. मान वळवायची सवय लागली पाहिजे." ज्योत्स्नानं हे व्रतासारखं पाळलं. दुकान सांभाळून, शिलाया मारून, इस्त्र्या करून, जेव्हा जेव्हा त्याच्याजवळ बसली तेव्हा डावीकडेच बसली. आणि रवीनं तिला तितक्याच निष्ठेनं पाहिलं नाही. तिनं डावीकडून "चहा हवा का?" म्हटलं, की आवाज त्याला ऐकू जायचा, पण तो उजवीकडे बघून उत्तर द्यायचा. उजवीकडे भिंत असली तर भिंतीला. अक्का आली तेव्हापासून अक्काला.

अक्का सटाण्याहून भावाच्या सेवेला म्हणून आली होती. मनानं वाईट नव्हती, पण ऐकायची कुणाचं नाही. "मी नाय तसलं काय करत. माणसानं माणसाच्या तोंडासमोर बसावं," म्हणाली आणि जी उजवीकडे खुर्ची टाकून बसली ती बसलीच. म्हणजे डावीकडे राबायचं ज्योत्स्नानं आणि उजवीकडे नाव अक्काचं. काय बोलणार?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी अक्कानं विषय काढला. "रवी, आखाजी झाली की चल माझ्यासंगं सटाण्याला. मळ्यात राहशील, मोकळी हवा हाय, नातवंडं हायेत. पावसाळाभर ऱ्हा."

"चल की," रवी लगेच म्हणाला. "इथं माझ्याकडं बघायला आहे कोण? ज्योत्स्ना तर दिवसदिवस दिसत नाही."

ज्योत्स्ना त्या वेळी त्याच्या डाव्या हाताची नखं कापत होती.

तिनं नेलकटर खाली आपटलं. "मी काय भूत आहे का हो?" ती ओरडली. "सकाळपासून इथं बसलेय! तुमचाच हात आहे माझ्या मांडीवर!"

रवीनं दचकून अक्काकडे पाहिलं. "एवढी चिडतेस कशाला, अक्का? येतो म्हटलं ना."

ज्योत्स्ना उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि भरपूर रडली. अर्धी भाकरी, अर्धी दाढी, सगळं ती गिळत आली होती. पण तीस वर्षांच्या संसारानंतर नवरा असा पटकन "चल की" म्हणतो? जरा थांबत नाही, बायकोला विचारू म्हणत नाही? त्याच्या डोक्यातून आपण खरोखरच पुसले गेलो असलो तर? तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा तिचा निर्णय झाला होता. जाऊ दे त्यांना. जिथं कुणी दिसतं तिथं जाऊ दे.

लोकांना मात्र तिनं सांगितलं, सटाण्याची हवा चांगली आहे.

आखाजीला मुलगी घरी आली. वेदिका बंगळुरूला एका प्रयोगशाळेत मेंदूवर संशोधन करायची. माणूस निर्णय घेतो म्हणजे नक्की काय होतं, असा काहीतरी तिचा विषय होता. ज्योत्स्नाला मुलीचा अभिमान होता, पण वडिलांना नेणार म्हटल्यावर पोरगी धाय मोकलून रडेल, निदान आईची बाजू घेऊन आत्याशी भांडेल, अशी तिची अपेक्षा होती. वेदिकानं काय केलं? पप्पांसमोर कागद ठेवून घड्याळ काढायला सांगितलं. रवीनं बारापासून सहापर्यंतचेच आकडे काढले आणि कागद परत दिला. वेदिका म्हणाली, "आई, हे बघ ना! बरोबर अर्धं! किती स्वच्छ!"

"बाप आहे तो तुझा, उंदीर नाही!" ज्योत्स्ना इस्त्री करता करता कडाडली. आणि त्या नादात इस्त्री एका वर्दीच्या शर्टावर टेकलेलीच राहिली. करपल्याचा वास आला. बघते तर शर्टाला हाताएवढा काळा डाग.

"घ्या!" तिनं शर्ट पलंगावर फेकला. "आता हेच बाकी होतं."

वेदिकानं तो शर्ट उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि तिचे डोळे चमकले. हे चमकणं ज्योत्स्ना ओळखून होती. लहानपणी रेडिओ खोलायच्या आधी पोरगी अशीच बघायची.

तिनं टेबलावर दोन शर्ट मांडले. एक वर, एक खाली, दोन्ही एकाच मापाचे, एकाच रंगाचे. वरच्या शर्टाचा करपलेला भाग बरोबर रवीच्या डावीकडे येईल असा ठेवला.

"पप्पा, या दोन शर्टांत काही फरक दिसतो?"

रवीनं शिंप्याच्या नजरेनं पाहिलं. "काही नाही. एकाच ताग्यातले आहेत."

"नीट बघा."

"अगं, जन्म गेला माझा यात. सारखे आहेत."

"बरं. गिऱ्हाईक दारात उभं आहे. कुठला द्याल?"

"सारखेच आहेत म्हटलं ना? कुठलाही दे." मग त्यानं हात पुढे केला. "खालचा दे. याची कॉलर चांगली बसलीय."

वेदिकानं शर्टांची अदलाबदल केली. करपलेला खाली, चांगला वर. पुन्हा तोच प्रश्न. "वरचा," रवी म्हणाला. "याचं कापड जरा जड आहे." पुन्हा बदलले. पुन्हा चांगलाच निवडला, या वेळी बटणं बरी होती म्हणून. मध्ये एकदा चुकलाही, नाही असं नाही. पण ती बराच वेळ बदलत राहिली आणि करपलेला शर्ट काही गिऱ्हाइकाच्या हाती जाईना. दोन्ही सारखेच आहेत हे मात्र तो शेवटपर्यंत म्हणत राहिला.

"याची कॉलर, त्याची बटणं!" ज्योत्स्नाला राहवेना. "अहो, डाग आहे तिथं ढळढळीत! का थापा मारता?"

"थापा नाहीत आई," वेदिका तिला बाजूला घेऊन म्हणाली. "त्यांच्या मेंदूला डाग दिसलाय. निवडताना तो उपयोगी पडतोय. पण ही खबर त्यांच्यापर्यंत आलेली नाही. निवड आधी होऊन जाते, ती का झाली ते मागाहून कळतं, आणि कळलं नाही तर मेंदू हाताला लागेल ते कारण चिकटवून देतो. त्यांना ते मनापासून खरं वाटतं. आपण सगळेच असं करतो, त्यांचं फक्त उघडं पडलंय."

"मी नाही करत."

"सटाण्याची हवा चांगली आहे," वेदिका म्हणाली.

ज्योत्स्नानं शर्टांच्या घड्या घालायला घेतल्या. पोरींना शिकवावं आणि त्यांनी असं तोंडावर द्यावं!

वेदिका मग हळूच म्हणाली, "आई, तुझ्यासाठी एक करून बघू या का? दोन खुर्च्या मांडू. एका खुर्चीच्या डावीकडे तू बसायचंस, अगदी गप्प. दुसरीच्या डावीकडे कुणी नाही. बघू पप्पा कुठं बसतात."

"मी शर्ट आहे का?" ज्योत्स्ना एवढ्या जोरात बोलली की आतून अक्का आपल्या अहिराणीत ओरडली, "काय व्हयनं?"

"काही नाही, अक्का!" आणि मग मुलीला, आवाज खाली आणून, "खबरदार. माझ्यावर असले खेळ करायचे नाहीत. सांगून ठेवते."

खरं तर तिला भीती वाटत होती. समजा, ते दुसऱ्याच खुर्चीवर जाऊन बसले तर? निर्धास्त, मजेत, पाय लांब करून? आत्ता निदान डॉक्टरचा, मेंदूचा, गाठीचा आडोसा होता. तो एकदा गेला म्हणजे मग राहिलं काय?

रविवारी सकाळी अक्काचा मुलगा बंटी गाडी घेऊन आला. ज्योत्स्नानं बॅग भरली. औषधं, स्वेटर, डाव्या हाताखाली घ्यायची उशी. ती ठरवूनच होती, एक शब्द बोलायचा नाही. थांबा म्हणायचं नाही, जा म्हणायचं नाही. तीस वर्षं बोलून झालं.

रवीला उजव्या दारानं मागच्या सीटवर चढवून मधोमध सरकवलं. त्याच्या उजवीकडे अक्का चढली, भावाला आपलं तोंड दिसावं म्हणून. बंटी डिकीत पेरूच्या पेट्या सरकवून बॅगेला जागा करत होता. ज्योत्स्ना वळसा घालून डाव्या दारानं आत बसली. तिनं त्याचा लुळा हात उचलला, खाली उशी दिली, बोटं सरळ केली, पट्टा लावला. रवी खुशीत होता. "चल बंट्या, ऊन होईल. मनमाडला वडे खाऊ."

"मनमाड कुठं लागतंय मामा रस्त्यात?" बंटी हसला.

ज्योत्स्ना उतरली. डिकीत जागा झाली नाही म्हणून बंटीनं बॅग तिच्या जागेवर टाकली आणि दार लावून पुढं जाऊन बसला. इंजिन सुरू झालं.

"थांबव," रवी म्हणाला.

"काय झालं मामा?"

"गाडीत पेट्रोलचा वास मारतोय. मला मळमळतंय."

"मामा, डिझेलची गाडी आहे!"

"मग डिझेलचा असेल. थांबव म्हटलं ना!"

अक्कानं काचा खाली केल्या, पदरानं वारा घातला. ज्योत्स्नानं मळमळीची गोळी आणि पाण्याची बाटली आणली, बॅग मांडीवर ओढून घेत पुन्हा डावीकडे बसली आणि काही न बोलता गोळी त्याच्या तोंडाशी धरली. रवीनं ती गिळली आणि अक्काला म्हणाला, "बरं वाटलं गं. चला, आता उशीर कशाला करता?"

ज्योत्स्ना उतरली. गाडी फाटकापर्यंतही पोचली नाही.

"थांबव! ही सीट बोचतेय. असल्या सीटवर सटाण्यापर्यंत माणूस जातो का?"

फाटकाशी वेदिका उभी होती. तिनं तोंडावर हात धरला होता. ज्योत्स्नानं तिच्याकडे असं पाहिलं की पोरीची बोलायची हिंमत झाली नाही. पण बोलायची गरजही नव्हती. आपल्याला काय समजलंय ते ज्योत्स्नाला समजत होतं आणि त्यावर विश्वास ठेवायचं धाडस होत नव्हतं. असेल सीट बोचत. असेल मळमळत. माणूस आजारी आहे.

ती चालत गाडीपाशी गेली. काही नेलं नाही, पाणी नाही, गोळी नाही. नुसतं दार उघडलं, बॅग पायाशी ढकलली आणि बसली. शर्ट तर शर्ट. श्वाससुद्धा तिनं हळू घेतला.

रवीनं पाठ टेकली. "बंट्या, झोपलास का रे? काढ गाडी."

"सीट बोचत होती ना?" अक्का म्हणाली.

"कुठं? मऊ तर आहे."

ज्योत्स्ना उतरली, आणि या वेळी तिनं दार पुरतं लावलंही नव्हतं.

"आज अमावस्या आहे!" रवी ओरडला. "अमावस्येला मी घर सोडत नाही. उतरवा मला!"

"अमावस्या आखाजीच्या आधीच झाली रे मेल्या!" आता अक्काचाही तोल सुटला. "तुला यायचं हाय का नाय?"

"यायचंय गं अक्का, मी कुठं नाही म्हणतोय?" रवी अगदी कळवळून म्हणाला. "मी तयारच आहे. पण ही गाडीच बरोबर नाही."

"बंटी, बॅग काढ," ज्योत्स्ना म्हणाली.

अक्का तरातरा खाली उतरली. "तूच अडवलंस त्याला! मना भाऊ शे तो!"

"मी तोंडातून एक शब्द काढला का अक्का? सांगा ना, काढला?" ज्योत्स्नाचा आवाज चिरकला. "कुणीतरी सांगा मला, मी काय केलं!"

अक्का उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिनं उघड्या डाव्या दाराकडे पाहिलं, मग आपल्या भावाकडे. तिनं रवीला हाताला धरून खाली उतरवलं आणि काठी दिली. पलीकडून येऊन ज्योत्स्नानं त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला. तिघं घराकडे चालू लागले. चार पावलांवर रवीनं मान उजवीकडे वळवली आणि जरा नाराजीनंच बोलला.

"अक्का, ज्योत्स्ना घरात नाही वाटतं. असती तर एकदा तरी म्हणाली असती, थांबा म्हणून."

ज्योत्स्नाला वाटलं, या माणसाच्या अशी एक सणसणीत ठेवून द्यावी आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडावं. दोन्हीतलं काही तिनं केलं नाही. तिनं तो लुळा हात घट्ट धरला, घसा खाकरला आणि त्याच्या डाव्या कानाशी म्हणाली, "थांबा. थांबा हो."

रवी जागच्या जागी उभा राहिला आणि अक्काकडे बघून चांगलाच वैतागला.

"थांबलोच आहे की! केव्हाचा ओरडतोय, गाडी थांबव, गाडी थांबव. या घरात माझं ऐकतंय कोण?"